ऑपरेशनची तारीख मिळाली, आता अंथरूण नको

तुकडा तपासून रिपोर्ट येतो, त्यात कॅन्सर लिहिलेला असतो, आणि त्या दिवसापासून घरातलं म्हातारं माणूस खाटेवर जातं. आजीपुढची काटवट काढून घेतली जाते. आबांना मळ्याकडे जायची बंदी होते. "आता तुम्ही काही म्हणता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं," असं मुलगा, सून, शेजारीपाजारी सगळे बजावतात. मायेपोटीच बजावतात. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो किती महागात पडतो हे ऑपरेशननंतर कळतं.

रिपोर्ट आल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत आपल्या निपाणी-बेळगाव भागात बऱ्याचदा दोन-तीन आठवडे जातात. स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, हृदयाचा फिटनेस, योजनेची मंजुरी, मग तारीख. घरच्यांना हा काळ नुसता वाट बघण्याचा वाटतो. वैद्यकशास्त्र त्याच्याकडे तयारीचा काळ म्हणून बघतं आणि त्या तयारीला प्रिहॅबिलिटेशन म्हणतं. जत्रेतली कुस्ती ठरली की पैलवान महिनाभर आधी तालमीत उतरतो, खुराक वाढवतो. मोठं ऑपरेशन, किमोथेरपी किंवा शेक (रेडिएशन) म्हणजे सत्तरीच्या शरीरासाठी तशीच कुस्ती आहे.

पडून राहिल्याने काय होतं, ते मोजून बघितलेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं सुमारे किलोभर मांस झडलं. ती माणसं निरोगी होती. कॅन्सरने आधीच भूक मेलेल्या माणसाचं काय होत असेल? आयुष्यभर उसात, तंबाखूत राबलेली आपली माणसं मुळात काटक असतात. ती ताकद महिनाभराच्या खाटेने जाते आणि मग ऑपरेशननंतर दोन माणसांच्या आधाराशिवाय संडासला जाता येत नाही.

उलट तयारी केल्याचा फायदाही मोजलेला आहे. युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवर एक चाचणी केली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या लोकांना ऑपरेशनआधी चार आठवडे व्यायाम, प्रथिनांचा आहार, मनाला आधार आणि व्यसन सोडायला मदत मिळाली. नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशनला गेलेल्या शंभरातल्या सुमारे तीस जणांना गंभीर गुंतागुंत झाली, तर तयारी करून गेलेल्या शंभरातल्या सतरा जणांना. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वयस्कर कॅन्सर रुग्णांसाठी २०१८ पासून वेगळं क्लिनिक चालतं. तिथे जन्मतारखेबरोबर चालण्याचा वेग, वजन, स्मरणशक्ती, औषधं, घरातला आधार हे सगळं तपासून मग उपचार किती झेपेल ते ठरवतात. सगळ्यांना मुंबई गाठणं शक्य नाही, आणि या तयारीतला बराचसा भाग घरच्या सोप्यातच होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तयारीसाठी म्हणून आपल्या मनाने ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर नाहीच. फार खंगलेल्या रुग्णाला पोषणासाठी आठवडा-दोन आठवडे द्यायचे का, हे सर्जन ठरवतील. आपण फक्त मिळालेले दिवस वापरायचे.

सुरुवात पायांपासून करा. भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची ठेवा. हात छातीवर बांधून उठायचं, पूर्ण ताठ व्हायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं तरी चालेल. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर हात टेकून उठा, पण ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा, कारण कमकुवत पायांची ती उघड खूण आहे. दिवसातून दोन-तीन वेळा हे केलं आणि दर दोन दिवसांनी एकेक उठबस वाढवली, तर दोन आठवड्यांत फरक दिसतो. जोडीला भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं, आणि हातांसाठी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली वर-खाली करणं.

चालणं हवंच. बेळगावात राहणाऱ्यांना किल्ला तलाव आहे, टिळकवाडीकडच्यांना व्हॅक्सिन डेपो आहे. खेड्यात मळ्याचा रस्ता आहे. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा सोप्यापासून परड्यापर्यंत घरातल्या घरात येरझारा घाला. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत अर्धा तास. चालताना थोडा दम लागला पाहिजे, पण सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. कॅन्सर हाडांत पसरलेला असेल, रक्त फार कमी असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर काय करायचं आणि काय टाळायचं हे आधी डॉक्टरांना विचारूनच.

आता छातीचं. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे, कारण खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा मोठा. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर वृद्धांना सर्वांत जास्त छळतो तो न्यूमोनिया. टाके दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ४४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०१८ सालची ही गोष्ट, ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले. तेवढ्याने फुप्फुसाच्या गुंतागुंतीचं प्रमाण शंभरात सत्तावीसवरून बारावर आलं. ऑपरेशन झाल्यावर गुंगीत आणि वेदनेत कुणी शिकवलं तर डोक्यात शिरत नाही. आधी शिकलेलं मात्र आठवतं.

म्हणून घरीच सुरू करा. ताठ बसून नाकाने सावकाश खोल श्वास, वर दोन-तीन सेकंद रोखणं, मग हळू सोडणं. असे दहा श्वास, दिवसातून चार-पाच वेळा. पोटावर उशी घट्ट धरून खोकायचा सराव करा. ऑपरेशननंतर टाक्यांवर तसाच आधार द्यायचा असतो. मेडिकलमध्ये तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र मिळतं. बहुतेक लोक ते फुंकतात. ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते, आणि गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा जास्तीत जास्त वेळ वर धरून ठेवायच्या असतात. ऑपरेशन ठरवायला जाल तेव्हाच "फिजिओथेरपिस्टला एकदा भेटवा" असं स्वतःहून म्हणा. पुष्कळ ठिकाणी हे मागितल्याशिवाय होत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरांत दोन अडचणी आहेत. पहिली, पथ्य. रिपोर्ट आला की डाळ वातूळ म्हणून बंद, दही कफाचं म्हणून बंद, अंडी-मटण उष्ण म्हणून बंद, शेवटी ताटात मऊ भात आणि पाणीदार वरण उरतं. अशाने मांस झडतं, आणि ऑपरेशनची जखम भरायला तर शरीराला प्रथिनंच लागतात. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे साठ ते पंचाहत्तर ग्रॅम.

हा आकडा दुकानातल्या महागड्या पावडरीच्या डब्याशिवाय गाठता येतो. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम, दोन पेले दुधातून बारा-तेरा, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळीतून चौदाएक, वाटीभर दह्यातून पाच, मूठभर शेंगदाण्यातून सात, आणि तीन भाकऱ्यांतून बारा-पंधरा. झाले साठच्या वर. माळकरी घरात अंडी चालत नाहीत, तिथे सोयाबीन आहे. चिकोडी-निपाणीच्या रानात ते पिकतं, पण आपण ते बाजाराला घालतो आणि घरात शिजवत नाही. तीस ग्रॅम सोयाच्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात. हुलगे तर आपल्या घरचेच. हुलग्याचं माडगं तूप घालून दिलं की न चावताही पोटात जातं. कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून द्या. भूक नसेल तर तीन वेळच्या ताटाचा आग्रह सोडा आणि दर दोन तासांनी थोडं थोडं पुढे करा. मधुमेह, किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दुसरी अडचण मी फार गांभीर्याने मांडतो आहे. आपल्याकडे घरातली म्हातारी बाई सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवते. अंडं नातवाला, सायीचं दूध नातीला, आणि ही आजारी बाई ते स्वतः उचलून त्यांच्या ताटात घालते. तिच्या वाट्याचं तिच्यासमोर बसून संपवून घेणारं एक माणूस घरात नेमा. आणि एकादशी, मंगळवार, शुक्रवार हे उपास ऑपरेशन होईपर्यंत सोडा. मन धजत नसेल तर दूध, दही, शेंगदाणे पोटभर खाऊन करा. कोरडा उपास या दिवसांत करायचा नाही.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली असेल, म्हणजे पन्नासाचे पंचेचाळीस झाले असतील, तर ते डॉक्टरांना ठळकपणे सांगा. काटा नसला तरी बांगड्या कोपराकडे सरकतात, ब्लाउज ढगळ होतात, हे घरातल्या बायकांना दिसतंच.

निपाणीचा विषय निघाला की तंबाखू आलीच. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी याच निपाणीत रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनात जे तिशीत होते ते आज सत्तरी ओलांडलेत. वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत राबलेल्या बायकाही त्याच वयाच्या. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध या भागाला समजावून सांगायची गरज नाही. पण रिपोर्टनंतर एक वाक्य फार ऐकू येतं, "व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?" उपयोग आहे. विडी थांबवली की ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसं बरी साथ देतात, जखम लवकर भरते, शेकाचा परिणाम चांगला होतो. चार आठवडे आधी सोडणं उत्तम, पण एक आठवडा उरला असेल तरी आजच सोडा.

बायकांच्या मिशरीबद्दल घरात कुणी बोलत नाही. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की आजी "नाही" म्हणते, कारण दात घासणं हे तिच्या लेखी खाणं नव्हेच. मिशरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती दिवसातून चार वेळा लावणारीला अचानक सोडल्यावर चिडचिड, झोप न येणं, शौचाला न होणं हे सगळं होतं, म्हणून लेकीसुनांनी पहिले आठ-दहा दिवस तिला सांभाळून घ्यावं. डॉक्टरांना खरं सांगितलं तर गोळ्या किंवा च्युइंग गमची मदत मिळते. सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा याच कामासाठी आहे.

तोंडाच्या कॅन्सरची तयारी थोडी वेगळी. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का बघा. दोनच जात असतील तर तसं डॉक्टरांना सांगा आणि तोंड उघडण्याचे व्यायाम लगेच शिकून घ्या. ऑपरेशन आणि शेकानंतर जबडा आणखी आखडतो. शेक घ्यायचा असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. किडलेले, हलणारे दात शेकाच्या निदान दोन आठवडे आधी काढावे लागतात, म्हणजे हिरडी भरून येते. शेकानंतर त्या भागातला दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका पुढे आयुष्यभर राहतो. गिळताना त्रास होत असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात आणि घरात रडारड होते. नळी म्हणजे शेवट नव्हे. उपचार पुरे होईपर्यंत पोटात अन्न जाण्याची ती वाट आहे. वजन ढासळल्यावर घालण्यापेक्षा वेळेत घातलेली बरी.

आता घरात सर्वांत अवघड जाणारी गोष्ट. "आजीला कॅन्सर आहे हे सांगायचं नाही," असं पुष्कळ घरांत ठरतं. मग तिने रोज तीस उठबशा कशासाठी काढायच्या? पन्नास वर्षांची मिशरी कशासाठी सोडायची? नको असलेली आमटी का प्यायची? कारण माहीत नसलेल्या माणसाकडून कष्टांची अपेक्षा करता येत नाही. आजाराचं नाव लगेच घ्यायचं धैर्य होत नसेल तर निदान एवढं सांगा, "आई, मोठं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणालेत अंगात ताकद पाहिजे, आणि ती तुम्हालाच कमवायची आहे." बहुतेक म्हाताऱ्या माणसांना घरच्यांच्या चेहऱ्यावरून कळलेलंच असतं. न बोलल्याने ती एकटी पडतात. ज्यांनी दुष्काळ, बाळंतपणं, कर्ज, जवळच्यांची मरणं सोसली त्यांना हे ऐकवत नाही असं आपणच परस्पर ठरवू नये.

औषधांची एक पिशवी करा. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या, बेळगावच्या, कोल्हापूरच्या, आयुर्वेदाच्या पुड्या, कुणी आणून दिलेली मुळी, सगळं त्यात टाका आणि भूलतज्ज्ञांसमोर ओता. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, त्या कोणत्या हे लिहून घ्या. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या की शिरेतून इंजेक्शन, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण गोळ्यांनी रक्त वाढायला आठवडे लागतात. शेवटच्या दिवशी "जेवण किती वाजेपर्यंत आणि पाणी किती वाजेपर्यंत?" हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पुष्कळ रुग्णांना भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, तरी म्हातारी माणसं आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाण्याविना बसलेली असतात.

पिशवीत चष्मा, कानाचं यंत्र, कवळी ठेवा. ऑपरेशननंतर काही वृद्धांना काही दिवस भ्रम होतो, रात्री बडबडतात, नळ्या ओढतात. नीट दिसलं, ऐकू आलं आणि ओळखीचा माणूस शेजारी असला तर हे कमी होतं. रात्री सोबत राहणारा माणूस आजीशी तिच्या मराठीत बोलणारा हवा. नर्स कन्नडमधून सांगते आणि आजीला कळत नाही, असं होता कामा नये. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही-अंगठ्याआधी त्याचा अर्थ मराठीतून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

उपचार कुठे घ्यायचे हे निपाणीकरांसमोरचं नेहमीचं कोडं. कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. बेळगावात केएलईच्या नव्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. पुढे हुबळी आहे, मिरज आहे. माझं मत विचाराल तर वृद्ध रुग्णासाठी अंतर आणि सोबत यांना मोठं वजन द्यावं. शेकाला बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे जावं लागतं, आणि रोजच्या प्रवासाने माणूस आजारापेक्षा जास्त थकतो. कर्नाटकातल्या महिलांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसने निपाणी-बेळगाव प्रवास मोफत आहे, सोबत जाणाऱ्या लेकीसुनांना तो उपयोगी पडतो.

पैशांसाठी कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिथे सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र मागितलं जातं, ते पहिल्याच आठवड्यात काढा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. दोन राज्यांत त्यावरून ताणाताणी झाली. त्यामुळे कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून मंजुरीचं पक्कं करून घ्या. धाकटा मुलगा कागदांमागे फिरेल, पण तेवढे दिवस आजीची उठबस आणि आमटी चुकता कामा नये. ते काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा.

काहींना आधी किमो आणि मग ऑपरेशन असा क्रम सांगतात. त्यांच्या हातात काही महिने असतात. किमोच्या सलाइननंतरचे तीन-चार दिवस अंग गळतं, तेव्हा अंगणात एक फेरी आणि श्वासाचे व्यायाम एवढंच करा. तरतरी आली की पुन्हा खुर्ची, पुन्हा चालणं. पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, गर्दीचं लग्न-जत्रा टाळलेली बरी. आणि घरात एक थर्मामीटर हवाच. किमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून किमो चालू असलेल्या रुग्णालयात जा, आणि दारातच सांगा की यांना किमो चालू आहे.